‘नाही’च्या रकान्यातली रेघ

मार्लिसला गाव खडूस म्हणायचं, आणि तिची त्याला काही हरकत नव्हती. सव्वीस वर्षं ती गावच्या शाळेची नर्स होती. कुठल्या पोराचा पाठीचा कणा वाकतोय, कुणाला चष्मा लागलाय, कुणाची लस राहिलीय, सगळं तोंडपाठ. लस चुकवून पळणाऱ्या एका सहा फुटी हॉकीपटूला तिने बर्फातून मानगूट धरून परत आणलं होतं.

दर ऑगस्टमध्ये खेळाडूंची तपासणी शाळेच्या जिममध्येच व्हायची. डॉक्टर एक, पोरं ऐंशी. फॉर्म भरायचे आयांनी, तेही बाहेर गाडीच्या बॉनेटवर, एका हातात कॉफी सांभाळत. चाळीस प्रश्न कोण वाचतंय? ‘नाही’च्या रकान्यात वरून खालपर्यंत एक सरळ रेघ ओढायची, झालं काम. आमचं गाव खाणकामगारांचं, खाणीवर हात मोडून घेतला तरी ‘बरं आहे’ म्हणणारी आमची माणसं. दुखणं सांगायची इथे मुळी पद्धतच नाही.

त्या वर्षी ब्रिटाचा फॉर्मही तसाच आला. पंधरा वर्षांची ब्रिटा म्हणजे शाळेच्या पोहण्याच्या संघाची सगळी आशा. डॉक्टरांनी छाती तपासली, “ठणठणीत आहे” म्हणाले आणि सही ठोकली. आता फक्त मार्लिसचा शिक्का बाकी होता. ती रेघेवरून बोट फिरवत खाली आली आणि एका प्रश्नावर थांबली. घरातलं कुणी पन्नाशीच्या आत अचानक गेलं आहे का, किंवा कारण न कळता बुडालं आहे का?

“टॅमी,” तिने ब्रिटाच्या आईला बोलावलं, “इथे ‘नाही’ कसं?”

“मग काय लिहू? कोण गेलंय आमच्यात?”

“तुझा भाऊ. रेनो.”

टॅमीचा चेहरा उतरला. “तो बुडाला गं. एवढी तळी आहेत, माणसं बुडतातच. जेवून लगेच पाण्यात उतरला, पेटका आला. सगळ्या गावाला माहीत आहे.”

गावाला माहीत असेल, पण मार्लिस तेव्हा काठावर बसलेली होती. रेनो तिच्या वर्गातला. सतरा वर्षांचा, तळं आडवं पोहून जाणारा. शांत पाण्यात त्याने सूर मारला आणि तो वर आलाच नाही. गंमत करतोय असं वाटून ती कितीतरी वेळ हसत होती. एकतीस वर्षं झाली, ते हसणं तिला अजून स्वतःला माफ करता आलेलं नव्हतं.

ती ब्रिटाकडे वळली. “तू कधी बेशुद्ध पडलीयस?”

“एकदाच, बाई. मार्चमध्ये. शिट्टी झाली, सूर मारला, आणि पुढचं आठवत नाही. सरांनी ओढून बाहेर काढलं.”

“न्याहारी केली नव्हती तिने,” टॅमी घाईघाईने म्हणाली.

“वा गं वा! मामा पोट भरलं म्हणून बुडाला आणि भाची पोट रिकामं म्हणून. तुमच्या घरात सगळा दोष पोटाचाच.” मार्लिसने शिक्का खणात टाकून कुलूप लावलं. “हिचा ईसीजी काढून आण. तोवर पाण्यात पाय घालायचा नाही.”

मग काय, बोंबाबोंब. पहिली स्पर्धा दहा दिवसांवर. ब्रिटा रडली, टॅमीने बोलणं टाकलं. “मी सही केली आहे,” डॉक्टर फुरंगटून म्हणाले. “मी नाही केलेली,” मार्लिस म्हणाली. एवढं ठणकावून सांगितलं खरं, पण घरी तिच्या घशाखाली घास उतरेना. आपण चुकलो तर पोरीचा हंगाम फुकट जाणार. आणि चुकलो नाही तर? त्याचीच तिला जास्त भीती वाटत होती.

आठव्या दिवशी दुलुथ शहरातल्या मोठ्या दवाखान्यातून टॅमीचा फोन आला. आधी नुसती रडत होती.

“जन्मापासूनचा दोष आहे म्हणे,” शेवटी टॅमी बोलली. “ठोक्यांची लय बिघडते. सूर मारला की हृदय थांबूसुद्धा शकतं. पण औषध आहे, मार्लिस. रोज गोळी घ्यायची, सांभाळून राहायचं. माझ्यातही तेच निघालंय.”

“आणि पोहणं?”

“यंदा नाही. पुढचं डॉक्टर बघतील. रुसून बसलीय.”

“रुसू दे,” मार्लिस डोळे पुसत म्हणाली. “खुशाल रुसू दे.” त्या रात्री ती पोटभर जेवली आणि ढाराढूर झोपली.

सोमवारी तिच्या खोलीत रेनोची आई आली. आयली काकू, ऐंशीच्या. अंगातला कोट न काढताच बसल्या.

“टॅमी म्हणते, माझ्या रेनोलाही तेच असणार.”

“शपथेवर नाही सांगता येणार, काकू. पण मला दुसरं काही वाटत नाही.”

“मग जेवणाने नाही?”

“नाही. जेवणाचा काडीचा संबंध नाही.”

“त्या दुपारी तो पुरे म्हणत होता,” काकू म्हणाल्या. “मी बळेच तिसरी पास्टी वाढली, मांस-बटाट्याने गच्च भरलेली. वर म्हटलं, उकडतंय, जा डुंबून ये. मीच धाडलं. ह्यांना शेवटपर्यंत सांगितलं नाही.”

मार्लिस उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसली. “काकू, तुम्ही पोराला पोटभर जेवू घातलंत. एवढंच केलंत.”

काकूंनी हळूहळू कोटाची बटणं सोडली, कोट मांडीवर घेतला.

“पास्टी फार आवडायची त्याला,” त्या म्हणाल्या. “चार खायचा कधीकधी.”