बाहीवरची दुसरी घडी

जिन्याखाली इस्त्री करणाऱ्या मावशीने उभ्या जन्मात एकच कॉलर जाळली, आणि तीही दुसऱ्याच कोणा नवराबायकोच्या भांडणापायी.

भांडण पहिल्या मजल्यावरचं. मावशीच्या टेबलाच्या बरोबर डोक्यावर मास्तरांचं घर. मास्तर म्हणजे खरं तर कॉलेजात मानसशास्त्र शिकवायचे, पण ज्याच्या बाहीला खडूची पूड लागते तो मावशीच्या लेखी मास्तर. त्यांच्या बायकोला सगळी बिल्डिंग बाई म्हणायची. दुपारी तीनला त्यांच्याकडे टीव्हीवर एक मालिका लागे. मास्तरांना जरा कमी ऐकू यायचं, त्यामुळे मालिका जिन्यालाही ऐकू यायची. मावशीने ती सहा वर्षं नुसत्या कानांनी पाहिली.

त्या दिवशी मालिकेतला नवराच बदलला. जुना नट काम सोडून गेला, त्याच्या जागी दुसरा उभा केला आणि खाली पाटी दाखवली, की आजपासून हेच ते. झालं!

"बंद करा आधी!" बाई कडाडल्या. "परका पुरुष घरात शिरलाय, आणि ती बया त्याला 'अहो, चहा घेता ना' म्हणून विचारतेय. लाज आहे का काही?"

"अगं, परका कसा? नाव तेच, घर तेच. लग्नाच्या दिवशी तिची चप्पल तुटली होती, तेही आठवतंय त्याला. ज्याला आठवतं तो तोच. माणूस म्हणजे त्याच्या आठवणी."

"आणि चेहरा?"

"चेहऱ्याचं काय, तो शर्टासारखा. बदलला म्हणून आतला माणूस बदलत नाही."

"म्हणजे उद्या दारात कोणी उपटसुंभ आला आणि म्हणाला, मला सगळं आठवतं, तर त्याला मी ताट वाढायचं?"

"तो मी असेन, तर वाढायचं."

"तुम्ही असाल तर ताट वाढायच्या आधीच म्हणाल, मीठ कमी आहे!"

खाली मावशीला असं हसू फुटलं, की इस्त्री कॉलरवर ठेवली आहे हे ती विसरली. कॉलर मास्तरांचीच. संध्याकाळी ती जळकी कॉलर घेऊन मास्तर तणतणत खाली आले. मावशीने सगळं सांगून टाकलं. खोटं बोलायला वेळ लागतो आणि पाच शर्ट अजून बाकी होते.

"ऐकलंतच आहे, तर निवाडा करा," मास्तर म्हणाले. "नवरा तोच, की दुसरा?"

मावशीने इस्त्री उचलून त्यांच्या नाकासमोर धरली. "मास्तर, हिची मूठ दोनदा बदलली, वायर तीनदा, तळ एकदा. जुनं म्हणावं असं काही उरलं नाही. पण चटका अगदी पहिल्यासारखाच देते. आता ही जुनी का नवी, तुम्हीच सांगा."

"मावशी, शाळा किती झाली?"

"दोन यत्ता. तिसरीत इस्त्री हातात आली."

"बरं झालं. चौथीला गेला असतात, तर माझी नोकरी गेली असती."

तेव्हापासून रिवाजच पडला. रोज पाचला मावशी मास्तरांचा एक शर्ट घेऊन वर जायची आणि कालचा, धुऊन चुरगळलेला खाली आणायची. मास्तर दारातच चष्मा लावून शर्ट उलटापालटा करायचे. बाहीला घडी एकच हवी, सुरीच्या धारेसारखी. दुसरी दिसली की पारा चढलाच. दुसरी दिसायची नाही, मग ते बटण सैल आहे म्हणायचे. बटण घट्ट असलं, तर शर्ट फार गरम आहे म्हणायचे. बाई आतून मावशीची बाजू घेत बाहेर यायच्या आणि तिथून पुढे दोघांची जुंपायची. मावशी दाराला टेकून ऐकायची. ना तिकीट, ना मध्ये जाहिराती.

तशी ती स्वतःही काही कमी नव्हती. नवरा लवकर गेला. त्याच टेबलावर तिने एका मुलीचं लहानपण, शिक्षण आणि लग्न उभं केलं. माणसं तिला शर्टावरून कळायची. तिसऱ्या मजल्यावरच्या विमावाल्याचे कफ कायम मळलेले असत, तर ती म्हणायची, "बोलायच्या आधी हा मनगटाने घाम पुसतो. पॉलिसी घेऊ नका." मास्तर म्हणायचे, याला आमच्यात फार मोठं नाव आहे. मावशी म्हणायची, आमच्यात याला मळ म्हणतात.

वर्षं गेली. मालिका संपली, मास्तर रिटायर झाले. आणि बाई विसरू लागल्या. आधी किल्ल्या, मग गॅस, मग शेजारी. एके संध्याकाळी त्यांनी दार उघडलं, मागे वळून पाहिलं आणि मावशीच्या कानाशी लागल्या.

"मावशी, ह्यांना बदललं हो."

"कोणाला?"

"आमच्या ह्यांना. नवा नट आणलाय. स्वभावाने बरा आहे बिचारा, पण मला मेलीला संकोच वाटतो. जुने कधी येणार, काही पाटी दाखवली का?"

मास्तर बाईंच्या मागेच उभे होते. नेमकं हे मात्र त्यांना स्पष्ट ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी ते खाली येऊन कपड्यांच्या गाठोड्यावर बसले. मग म्हणाले, "माणूस म्हणजे आठवणी, असं मीच म्हणालो होतो ना? आता भोगतोय. मावशी, मला साहेब म्हणते ती. चहा देते आणि विचारते, तुम्ही राहता कुठे? बाकी काही नको हो मला. तिने एकदा, पूर्वीसारखं, 'अहो' म्हणावं."

मावशीचा सगळा अभ्यास सिनेमाचा. ती म्हणाली, "सिनेमात डोक्याला दुसऱ्यांदा मार लागला, की लगेच आठवतं."

"तिच्या डोक्यात काय लाटणं घालू?"

"तुमच्या डोक्यात घालून बघू. कोणाच्या ते सिनेमात नीट सांगत नाहीत."

मास्तर हसले. पण डोळे पुसायला त्यांनी विमावाल्याचा धुतलेला शर्ट घेतला, आणि मावशीने तो पुन्हा इस्त्रीला घेतला.

मग तिने दुसरा उपाय काढला. सिनेमात ताटातूट झालेली भावंडं ताईत बघून ओळखतात. इथे ताईत नाही, पण निळ्या चौकटीचा जुना शर्ट आहे. तो तिने असा कडक केला, की एकटा उभा राहिला असता. मास्तर घालून बाईंसमोर गेले. बाईंनी नीट निरखलं.

"शर्ट ह्यांचाच आहे," त्या म्हणाल्या. "काढा. दुसऱ्याचे कपडे घालता, शोभतं का तुम्हाला?"

मास्तर गुपचूप आत जाऊन बदलून आले. "बरोबर आहे तुमचं," एवढंच म्हणाले.

कारण डॉक्टरांनी बजावलं होतं, की बाईंच्या शब्दाला शब्द लावू नका, गोड बोला. आणि मास्तरांनी ते परीक्षेला बसल्यासारखं पाठ केलं होतं. मीठ कमी असो, चहा गार असो, "छान आहे, छान आहे." चाळीस वर्षं ज्याने नाकावर माशी बसू दिली नाही, तो गूळ होऊन बसला होता. मावशी हे रोज दारातून बघत होती, पण डोक्यात प्रकाश पडायला एक घोटाळा व्हावा लागला.

तिच्या मुलीचा फोन आला होता. पुरे झालं ते जिन्याखालचं, गुडघे गेले तुझे, आता इथे येऊन राहा. फोन ठेवला तरी मावशीचं मन तिथेच. त्या नादात तिने मास्तरांचा शर्ट विमावाल्याला दिला आणि विमावाल्याचा मास्तरांना. वर, बाहीवर चांगल्या दोन घड्या. विमावाला काडीसारखा आणि मास्तर भरलेले. त्यांनी शर्ट चढवला, दोन बटणं ताडकन उडाली, एक टीव्हीवर जाऊन आपटलं, आणि इतक्या महिन्यांचा गूळ क्षणात वितळला.

"मावशी! ही काय उशीची खोळ आणलीत? आणि ह्या घड्या बघा! बाही आहे का रेल्वेचे रूळ?"

"ओरडू नका तिच्यावर!" आतून बाई आल्या. "पोट वाढवलंत तुम्ही आणि खापर तिच्या माथी! अहो, किती वेळा सांगितलं, की—" त्या मध्येच थांबल्या. मास्तरांच्या लाल झालेल्या नाकाकडे बघत राहिल्या. "आलात होय? होतात कुठे इतके दिवस? इथे एक गोडबोल्या येऊन बसला होता. मी म्हटलं, हा काही आमचा नव्हे."

मावशीने मास्तरांना कोपराने ढोसलं. "भांडा हो, मास्तर. थांबलात तर जातील परत."

पाऊण तास भांडण चाललं. मावशी म्हणते, तेवढं सुखाचं भांडण तिने ना टीव्हीवर ऐकलं, ना घरात.

दुसऱ्या दिवशी बाई पुन्हा "साहेब" म्हणाल्या. पण आता वाट सापडली होती. मास्तर खाली येऊन म्हणाले, "आठवणी जातात, पण खोड राहते. एवढं शिकवलं पोरांना, हे कुठे वाचलं नव्हतं."

"वाचायला कशाला हवं? जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, हे माझी आजी सांगायची. आणि तिला सहीसुद्धा येत नव्हती."

आधी मास्तरांनी रागावण्याचं नाटक करून पाहिलं. हात वर करून ओरडले. बाई म्हणाल्या, "हाही नवाच. ह्याला तर कामही येत नाही." म्हणजे राग अस्सल हवा. आणि अस्सल राग आणायचा तर मास्तरांना आधी कळता कामा नये. ती जबाबदारी मावशीने उचलली. ज्या हाताने जन्मभर एकच घडी पाडली, त्या हाताने ती दुसरी घडी पाडू लागली. पहिल्यांदा तसं करताना तिने डोळे मिटून घेतले होते. मास्तरांना घडीची सवय झाली, तेव्हा बटणं खालीवर शिवली. मग एका बाहीला कडक इस्त्री आणि दुसरी तशीच चुरगळलेली. एकदा खिसा शिवून टाकला. मास्तर पेन ठेवायला गेले आणि पेन तीनदा खाली पडलं, तेव्हा तर बाईंनी "अहो" सातदा म्हटलं. मास्तरांनी मोजलं होतं. कधी उपाय लागू पडायचा नाही. बाई खिडकीतून बाहेर बघत बसायच्या आणि मास्तर चुकीचा शर्ट अंगात घालून तसेच त्यांच्या शेजारी. तेव्हा मावशी हळूच दार ओढून घ्यायची.

मुलीचे फोन वाढले. मावशी दोन वर्षं "पुढच्या महिन्यात" म्हणत राहिली. शेवटी गुडघ्यांनीच निकाल दिला. पहिला मजलाही दहावा वाटू लागला. मुलगी सकाळी न्यायला येणार होती. टेबल विकलं होतं, ते न्यायलाही सकाळीच येणार. मावशीने इस्त्री खोक्यात भरून सुतळी बांधली आणि पाचला शर्ट घेऊन वर गेली. ती जाणार हे मास्तरांना ठाऊक होतं.

मास्तरांनी चष्मा लावला. बाह्या पाहिल्या. कॉलर उलटली. बटणं मोजली, खिशात बोट घालून पाहिलं, शर्टाचा वासही घेतला.

"चूक कुठे आहे?"

"नाही."

"नाही म्हणजे?"

"आज नाही केली. वाटलं, जाता जाता एक तरी मनासारखा करावा."

"मनासारखा!" मास्तरांचा आवाज चढला. "पाच मिनिटं शोधतोय मी इथे! शर्ट देता का कोडं घालता? आणि उद्यापासून मी भांडायचं कोणाशी? त्या लाँड्रीच्या यंत्राशी?" त्यांच्या नाकाचा शेंडा लाल झाला. हे नाटक नव्हतं.

बाई आतून आल्या. "अहो, शर्टात चूक नाही म्हणून भांडणारा माणूस जगात एकच आहे, आणि तो नेमका माझ्या वाट्याला आला!"

"तू मध्ये पडू नकोस."

"का नको? आणि तिच्याशी कशाला भांडता? माझ्याशी भांडा की. मी काय कुठे गेलेय?"

मास्तर चाचपडत म्हणाले, "चहात… चहात साखर फार घालतेस तू."

"साखर? चाळीस वर्षं घटाघटा प्यायलात, तेव्हा कुठे गेली होती जीभ?"

"तेव्हा सांगितलं होतं!"

"कधी? वार सांगा, वार!"

गाडी रुळावर लागली. मावशीकडे कोणाचं लक्ष नव्हतं. तिने सवयीने खुर्चीवरचा कालचा शर्ट उचलला, हातावर टाकला आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरली. खाली मोकळं टेबल पाहिलं, तेव्हा तिला आठवलं, की इस्त्री तर खोक्यात आहे.

तिने सुतळी सोडली. इस्त्री तापवली, शर्टावर पाणी शिंपडलं. कॉलर झाली, पाठ झाली. बाहीशी येऊन ती थोडी थांबली, आणि मग दोन घड्या पाडल्या, पट्टीने आखल्यासारख्या सरळ. गुडघे कुरकुरले, पण ती पुन्हा वर गेली आणि उद्यासाठी शर्ट मास्तरांच्या दाराच्या कडीला अडकवला.

आत अजून साखरच चालली होती.