बोटीवर साहेब जेवायला बसले

सिंदेवाहीच्या स्टँडवरून नागपूरची एसटी सुटली, तेव्हा माझ्या शेजारी नवऱ्याऐवजी भाऊ बसला होता. त्याचं असं झालं. मुंबईला नोकरी करणाऱ्या आमच्या लेकानं, प्रशांतनं, आम्हा आईबाबांसाठी क्रूझची, म्हणजे समुद्रातल्या मोठ्या बोटीची सहल ठरवली. आता आमच्या ह्यांचं आणि पाण्याचं मुळातच जमत नाही. वैनगंगेच्या पुलावर गाडी चढली की हे डोळे मिटतात ते पलीकडचा काठ आल्यावरच उघडतात. "मी नाई येत. बोट बुडली त धान कोन कापन?" म्हणून ह्यांनी हात झटकले. मग मी वडशाला माझ्या मोठ्या भावाला फोन लावला.

समुद्र, बोट, गोवा, सगळं सांगून झालं. भाऊ नुसता हूं हूं करत होता. शेवटी मी म्हटलं, "प्रशांतनं एका खास हॉटेलातलं जेवनही ठरवलं हाय. बोटीवरच हाय ते, पन तिथी मानसांले कोट घालूनच जावा लागते म्हने."

तसं भाऊचं हूं हूं थांबलं. मग भाऊ म्हणाला, "कोट घालून जेवाचं? मंग येतो मी."

भाऊला कोटाचं एवढं का, ते सांगायला पाहिजे. आमच्या झाडीपट्टीत (धानाच्या आणि जंगलाच्या ह्या मुलखात) हिवाळ्यात गावोगाव रात्रभर नाटकं चालतात, आणि ती नाटकं ठरवायचा, त्या कंपन्यांचा बाजार वडशाला. भाऊ जन्मभर एकाच नाटकात साहेबाचं काम करत आला. त्यातला एक प्रवेश पोरासोरांनाही पाठ आहे. साहेब कोट घालून जेवायला बसतो. गरीब घरची बाई त्याला वाढते. साहेब एक घास तोंडात घालतो, गर्जतो, "कच्चा भात? मला कच्चा भात?" आणि ताटाला अशी लाथ मारतो की ताट घणघणत मंडपाच्या कडेला जातं. शिट्ट्यांचा नुसता पाऊस. वन्स मोअर आला की ताट परत आणायचं, परत लाथ.

ताट अर्थातच रिकामं. भात सांडला तर पुढच्या प्रवेशात नाचणारी घसरेल, म्हणून कंपनी भात देत नाही. त्यातून भाऊची सवय अशी की नाटकाआधी तो अन्नाला शिवत नाही. म्हणजे पोटात कावळे ओरडताहेत, पुढ्यात ताट आहे आणि ताटात काही नाही. हे वर्षानुवर्षं. नागपूरच्या वाटेवर भाऊ कोटाची पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. मी ती वर ठेवायला गेले, तर मला म्हणाला, "राहू दे. एकदा तरी साहेब जेवला पाह्यजे वं कुसुम." तो हसतच म्हणाला. मी तिथंच ठरवलं की काही झालं तरी भाऊला त्या कोटात पोटभर जेवू घालायचं.

मुंबईच्या बंदरात बोट पहिल्यांदा दिसली तेव्हा मला ती बोट वाटलीच नाही. बिल्डिंगांच्या रांगेतली आणखी एक बिल्डिंग वाटली. भाऊ मान वर करून मजले पाहत राहिला आणि म्हणाला, "बाप्पा! एवढं पान्यावर कसं राहून राह्यलं?" आत आरसे, गालिचे, पितळी कठडे. आमची खोली लहान पण नेटकी होती. गोल खिडकीतून समुद्र दिसायचा. टेबलावर खास हॉटेलाच्या नियमांचा कागद होता. पुरुषांनी कोट आणि बंद बूट घालावेत. चप्पल, हाफ पँट आणि बनियन चालणार नाही.

दुपारचं जेवण मात्र वरच्या मजल्यावर, सगळ्यांसाठी, आपलं आपण वाढून घ्यायचं. तिथं कपड्यांचा कसलाच नियम नव्हता. आमच्या पुढे एक आजोबा रंगीत फुलांच्या हाफ पँटीत पोळीच्या रांगेत उभे होते. त्यांच्या बाईंनी पोहायच्या कपड्यावर टॉवेल गुंडाळला होता. भाऊ माझ्या कानाशी आला. "गरीब दिसत नाईत वं हे लोकं. मंग आंघोळीतूनच काऊन उठून आले?" मी त्याला गप्प केलं. तो फारसं जेवला नाही. संध्याकाळसाठी पोट राखून ठेवलं होतं त्यानं, नाटकाआधी ठेवतो तसंच.

संध्याकाळी मी जरीची साडी नेसून तयार झाले आणि भाऊला म्हटलं, घाल कोट. त्यानं पिशवीतून कोट काढला. समोरून पाहाल तर झकास! काळा कोट, आत पांढरा सदरा, लाल टाय. भाऊनं दोन्ही हात पुढून घातले, आमच्या डॉक्टरीणबाई ऑपरेशनचा गाऊन घालतात तसे, आणि माझ्याकडे पाठ केली. "बांध."

अगं बाई! कोटाला पाठच नव्हती. सदरा आणि टाय कोटाच्या छातीवरच शिवलेले. मागे नुसत्या चार नाड्या आणि त्यातून दिसणारा भाऊचा बनियन.

"भाऊ, हे काय हाय?"

"तिसऱ्या अंकात साहेबाचा भिकारी होते ना. कोट एका झटक्यात उतरला पाह्यजे."

"अन् पाठ?"

"साहेब पब्लिकले पाठ दाखवत नाई," भाऊ अगदी शांतपणे म्हणाला.

माझं डोकंच फिरलं. नियमाच्या कागदावर बनियन चालणार नाही असं लिहिलेलं, आणि हा मनुष्य अर्धा बनियनवर निघालेला! मी म्हटलं, बोटीवर कोट भाड्यानं मिळत असेल, विचारते. तर तो खाटेवर बसला. "दुसऱ्याच्या कोटात जेवाचं असतं त मी आलोच नसतो." आता ह्यावर काय बोलणार? मी नाड्या बांधल्या, चांगल्या निरगाठी मारल्या. बुटांची त्यानं सोय केलीच होती. साहेबाचे शिकारीचे बूट, म्हणजे धानाच्या रोवणीला, लावणीच्या चिखलात घालतो ते गमबूट, काळं पॉलिश लावून चकाचक केलेले.

आम्ही निघालो. भाऊ पुढे, मी त्याच्या पाठीला चिकटून. बोळातून हे निभलं, पण लिफ्टला तिन्ही बाजूंनी आरसे, हे माझ्या लक्षात कुठून येणार? आत एक इंदूरचं जोडपं होतं. नवरा आधी समोरच्या टायकडे आदरानं पाहत होता. मग त्याची नजर मागच्या आरशात गेली. तो खाकरला आणि हळूच म्हणाला, "भाईसाहब, पीछे से खुला है."

"मालूम है," भाऊ साहेबाच्या आवाजात म्हणाला. "डिझाइन है."

त्या माणसाच्या बायकोनं तोंडाला पदर लावला. मी लिफ्टची बटणं मोजल्यासारखं करत राहिले. खरं सांगते, मला इतकं हसू येत होतं की नाड्या सुटल्या असत्या तरी मला बांधता आल्या नसत्या.

हॉटेलाच्या दारात काळ्या गाऊनमधली एक मुलगी उभी होती. तिनं भाऊचा कोट पाहिला, टाय पाहिला, मग गमबुटांवर थांबली. बंद बूट पाहिजेत, असा नियम. आणि गमबुटाइतका बंद बूट दुसरा कोणता? बिचारीला हरकत घ्यायला जागाच सापडेना. तिनं आम्हाला आत सोडलं. मधोमध एक टेबल दाखवलं, जिथं भाऊच्या पाठीमागे निदान वीस माणसं जेवत असतील.

भाऊ दारातच थिजला. तेवढ्यात एक पन्नाशीचा वाढपी पुढे आला. छातीवर नाव होतं मयेकर. तो रत्नागिरीकडचा, आमचं बोलणं ऐकून मराठीतच म्हणाला, "साहेब, कोट काढून ठेवू का? देता?"

"नको!" आम्ही दोघं एकदम ओरडलो.

मयेकरांनी माझ्याकडे पाहिलं, मग एक पाऊल बाजूला सरून भाऊच्या मागे पाहिलं. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. "भिंतीकडचं टेबल छान आहे," ते म्हणाले, आणि भाऊच्या मागे चालत आम्हाला तिकडे घेऊन गेले. असा देवमाणूस मी समुद्रात पाहिला.

मेनूकार्ड चामड्याच्या पुठ्ठ्यात बांधलेलं होतं, लग्नाच्या अल्बमसारखं. हॉटेल इटालीचं. पदार्थांची नावं देवनागरीत लिहिली असती तरी कळली नसती. मयेकर एकेक समजावून सांगत होते. हे चीज आहे, पण आत साय भरलेली. हे कच्च्या माशाचे पातळ काप. भाऊ म्हणाला, "मासा धरल्यावर शिजवाले टाइम नाई भेटला का?" मग मयेकर म्हणाले, "हा रिझोटो. मशरूमचा भात."

भात म्हटल्यावर भाऊ सरसावून बसला. मशरूम म्हणजे आपल्या सात्याच (पावसाळ्यात वारुळाजवळ उगवणारी अळिंबी), असं मी त्याला सांगितलं. सात्यांचा भात! मग दुसरं काही बघायचं कारणच उरलं नाही. दोघांनी तोच मागवला.

भात आला. परातीएवढी पांढरी बशी आणि मधोमध मूठभर भात. भाऊनं काटा चमचा बाजूला सारला, हात पुसले, आणि पहिला घास घेतला. मी त्याच्या तोंडाकडे पाहत होते.

तो चावायचा थांबला.

मीही घास घेतला. भात कच्चा होता! दाण्यात चांगली कणी राहिलेली. धानाच्या गावात जन्म गेला आमचा, दाताखाली कणी आली की आम्हाला झोपेतही कळतं. मी मयेकरांना हळूच विचारलं, तर ते म्हणाले, "तसाच करतात बाई. तीच त्याची खासियत."

भाऊची मान ताठ झाली. छाती फुगली. नाकपुड्या थरथरल्या. हे सगळं मी मंडपात इतक्यांदा पाहिलं होतं की पुढचं मला माहीत होतं. अंगात कोट, समोर भरलेलं हॉटेल, ताटात कच्चा भात आणि टेबलाखाली गमबूट. मी त्याचा गुडघा घट्ट धरला. "भाऊ, नको. तुले माझी शपथ हाय."

भाऊनं माझ्याकडे पाहिलं, जरा नवलानं. "काय नको?"

"लाथ."

"येडी हायस का वं? भरल्या ताटाले कोन लाथ मारते?"

आणि तो जेवायला लागला. मान खाली घालून, सावकाश, एकेक घास नीट चावून. इतका वेळ लागला की बाजूची टेबलं रिकामी झाली. बशीच्या कडेला एक दाणा चिकटला होता, तोही त्यानं बोटानं टिपला. मयेकरांनी आणखी आणू का विचारलं, तर भाऊ म्हणाला, "आना." दुसरा भातही तितकाच कच्चा होता. तोही त्यानं संपवला. माझ्या डोळ्यांना धार लागली आणि मी ती भातावरच्या मिरीवर ढकलली. रिकामी बशी उचलायला आलेल्या मयेकरांनी मला गुपचूप एक रुमाल दिला.

परतताना नागपूरहून पुन्हा एसटी. नागभीडच्या अलीकडे भाऊचा फोन वाजला. वडशाहून कंपनीचे मालक शेंडेभाऊ बोलत होते. हंगामाच्या तालमी कधी धरायच्या, एवढंच विचारायचं होतं. आवाज इतका मोठा की मला सगळं ऐकू येत होतं.

"तालीम धरा," भाऊ म्हणाला. "पन या वर्षी ताटात भात टाका. साहेब जेवन."

"जेवन म्हंजे? अन् लाथ?"

"लाथ नाई."

"भाऊ, काय बोलून राह्यले? लाथेसाठीच पब्लिक येते. भात जाईन ना मातीत!"

"नाई जात. पोटात जाईन. नाई त दुसरा साहेब पाहा." भाऊनं फोन खिशात टाकला.

मी त्याच्यावर तुटून पडले. मी म्हटलं, येड लागलं का तुले? आख्खा मुलूख तुले त्या लाथेनं ओळखते. आपल्या गावात तुया नावानं पोरं ताटं लाथाडतात. जेवाचं होतं ना तुले, जेवला ना, मंग झालं! कामावर काऊन पानी सोडतं?

भाऊ खिडकीतून कापणीला आलेलं धान पाहत होता. मग म्हणाला, "त्या नाटकातली बाई असते ना, वाढते ते. तिचा भात कधीच कच्चा नोहता वं कुसुम. ताटात काहीच नोहतं. मी उगाच तिले नाव ठेवून राह्यलो, अन् लोकं शिट्ट्या मारून राह्यले."

सिंदेवाही आलं, मी उतरले, भाऊ पुढे वडशाला गेला.

आता आल्यागेल्याला मी बोटीच्या गोष्टी सांगते. लिफ्टचे आरसे, हाफ पँटीतले आजोबा, गमबूट पाहून गोंधळलेली ती मुलगी. लोक पोट धरून हसतात, मीही हसते. ह्यांनी तर बरं झालं मी गेलो नाही असं शंभरदा म्हणून घेतलंय. शेंडेभाऊंचा फोन मात्र भाऊला अजून आलेला नाही. लाथ न मारणारा साहेब बघायला हिवाळ्यात मंडप भरेल की नाही, मला खरंच सांगता येत नाही. पण तो साहेब जेवायला बसला, तर मी वडशाला जाईन, आणि त्याच्या ताटातला भात घरून शिजवून नेईन.