गुणाची पोर

गळीत हंगाम भरात आला की आमच्या नेवासे तालुक्यातली हवा मळीच्या आंबटगोड वासाने जड होते. शिंगणापुरात माझ्या भावाच्या घरी तर तो वास थेट चुलीपर्यंत जातो, कारण त्याला अडवायला दारच नाही. तुम्हाला ठाऊक आहेच, या गावात घराला चौकट असते, दार नसते. राखणीची सारी भिस्त शनिदेवावर! कुत्र्यामांजरांसाठी रात्री एखादी फळी आडवी लावायची, एरवी नुसता पडदा. वारा, धूळ, शेजारणी, यात्रेकरूंचा गलबला, सारे कसे सरळ आत! अशा त्या घराच्या चौकटीबाहेर, गेल्या हिवाळ्यातल्या एका शनिवारी, माझी चार वर्षांची भाची मला उभी दिसली.

रेवा तिचे नाव. बारशाला ते तिच्या कानात मीच सांगितले होते. आत्याचा मान तो! तीच रेवा आपल्याच घरात शिरत नव्हती. पडदा बोटभर बाजूला करून ती आत बघत होती. माझ्या हातातली खाऊची पिशवी तिला दिसली, पण ती धावली नाही. तिच्या डोक्यावरून वाकून मी आत पाहिले, तर माझी भावजय सुनीता भिंतीकडे तोंड करून पडलेली. त्या पाठीकडे रेवा एकटक पाहत होती. श्वास कसा चालला आहे, बांगड्या वाजतात का, आई जागी आहे की नाही आणि जागी असली तर कशी आहे, याचा अदमास घेतल्यावाचून घरात पाऊल टाकायचे नाही, हे त्या चिमुकल्या जिवाने कधी शिकावे?

आपण म्हणतो, मूल दूध पिते, वरणभात खाते आणि वाढते. खरेच का तेवढ्यावर वाढते? ते हसले की आईने हसावे, त्याने हुंकार दिला की तिने 'काय गं बाई?' म्हणावे, आणि या निरर्थक, दिवसातून कितीदा तरी चालणाऱ्या देवघेवीतून त्याला उमजत जावे की आपण आहोत आणि आपल्या असण्याने कुणाला तरी आनंद होतो. बोलणे तिथेच उगवते, धीटपणा तिथेच रुजतो. पण समोरचा चेहराच विझलेला असेल तर? मूल काही दिवस हसून पाहते, हात उडवून पाहते, रडून पाहते, आणि मग थांबते. ते थांबणे कुणाला ऐकू येत नाही हो! ताप आला की आपण धावतो, खोकला झाला की ओव्याच्या पुरचुंडीने छाती शेकतो. मूल गप्प झाले की मात्र आपण निवांत होतो.

रेवा झाली तेव्हापासून सुनीता अशी होती. बाळंतपणात डिंकाचे लाडू झाले, शेकशेगडी झाली, अंगाला तेल लागले. देहाची बडदास्त कशी यथासांग! मनाचे काय झाले ते विचारायचे असते, हे कुणाच्या गावीही नव्हते. आधी म्हणाले, अशक्तपणा आहे. मग म्हणाले, दृष्ट लागली. शेवटी आळशी म्हणून मोकळे झाले. ती दिवसचे दिवस पडून राही आणि एखाद्या दिवशी अशी भडकून उठे की पोरीच्या दंडावर चिमट्यांचे काळेनिळे वळ दिसत. दार नसलेल्या घरात हे चालले होते! शेजारणी विरजण मागायला येत, घडीभर टेकत, आणि जाताना रेवाकडे बघून म्हणत, "लई गुनाची पोर हाय बया. हट न्हाई, रडनं न्हाई. बसवली तिथं बसती."

हे ऐकून माझे डोके फिरे. चार वर्षांच्या मुलीने बसवले तिथे बसावे, हा काय गुण झाला? मी जात्याच तापट. त्या शेजारणींचा राग येई तसा सुनीताचाही येई, आणि तिचा जास्त येई. एवढे सोन्यासारखे लेकरू, आणि हिला त्याच्याकडे बघवत नाही?

त्याच शनिवारी तो राग उतरला. माझा धाकटा भाऊ दिगंबर देवळाच्या वाटेवर पूजेची ताटे विकतो; शनिवारी त्याला घास गिळायला फुरसत नसते. दुकानासाठी आणून ठेवलेला तेलाचा डबा रेवाचा धक्का लागून कलंडला. फरशीवर तेल पसरत गेले. कुणी ओरडले नाही. सुनीता नुसती उठून बसली. आणि रेवा? ती पळाली नाही, माझ्यामागे लपली नाही. तेलातूनच चालत ती आईसमोर जाऊन उभी राहिली, डोळे मिटले आणि गाल पुढे केला.

सुनीताचा हात वर गेलेला होता, तो तसाच राहिला. मग तिने तो दुसऱ्या हाताने धरला, मांडीखाली दाबला आणि माझ्याकडे न बघताच म्हणाली, "ताई, हिला घिऊन जा तुमी. माजा हात माज्या ताब्यात ऱ्हात न्हाई. कवातरी जीव जाईल पोरीचा माज्या हातनं."

खरे सांगू? मला आधी आनंद झाला. नगरात माझे दोन खोल्यांचे घर, त्यात मी एकटी. मनातल्या मनात मी रेवाची शाळा ठरवली, तिच्या फ्रॉकचा रंगसुद्धा ठरवला. दुपारी उशिरा कसाबसा जेवायला आलेल्या दिगंबरालाही सुटल्यासारखे झाले. "ने ताई," तो म्हणाला, "तुज्याकडं चार शबुद बोलाया तरी शिकंल."

पण तिचे कपडे पिशवीत भरताना मी अडखळले. रेवा सुनीताच्या पदराचे टोक मुठीत धरून उभी होती. ज्या हाताचे भय, त्याच हाताच्या आश्रयाला! मार खाणारे मूलही भ्याले की आईलाच शोधते, हे किती विलक्षण आणि किती क्रूर! तिला नेले तर ती मारातून वाचेल. पण उद्या मोठी होऊन हेच ना म्हणेल, की मी नकोशी होते म्हणून मला देऊन टाकले? आणि पोर देऊन बसलेल्या त्या बाईला सकाळी उठायला कारण तरी काय उरेल? बरे, ठेवून जावे, तर ते दंडावरचे वळ माझ्या डोळ्यांपुढे. आईची माया, आईची माया असे घोकत त्या वळांकडे पाठ फिरवणे मला जमणार नव्हते.

नेईन तर दोघींना नेईन, मी म्हणाले. दिगंबर उसळला. "आन् लोक काय म्हनतील? डोक्याच्या डाक्टरला दावली म्हंजी येडी ठरली ना बायको माजी!" पाय मोडला असता तर उचलून नेली असतीस ना, असे मी त्याला विचारले. "पाय दिसतो, ताई," तो हळूच म्हणाला आणि ताटात बघत राहिला. खोटे कुठे होते त्याचे? दुसऱ्या दिवशी त्यानेच आम्हाला एसटीत बसवून दिले.

नगरच्या डॉक्टरीणबाईंनी सुनीताला झोपेचे विचारले, जेवणाचे विचारले, आणि मग तितक्याच साध्या आवाजात विचारले, मरून जावेसे वाटते का? सुनीता ओक्साबोक्शी रडली. "हे कुनी इचारलंच न्हवतं मला," एवढेच तिला बोलता आले. हे दुखणे आहे, पुष्कळ आयांना होते, बरे होते, असे बाईंनी तिला सांगितले. औषध सुरू झाले, दर आठवड्याला जाऊन बोलणे सुरू झाले. मायलेकी दोघीच घरात राहू नयेत, असेही त्यांनी मला बजावले. मी कामावर गेले की शेजारच्या शमीमभाभी आपले शिवणकाम घेऊन आमच्याकडे येऊन बसत. तरी माझा जीव थाऱ्यावर नसे. कचेरीत फोन वाजला की तो भाभींचाच असेल असे वाटे. संध्याकाळी जिना चढताना मी कानोसा घेई, आणि आत सारे शांत असले तर जास्तच घाबरे.

सुनीता हळूहळू सावरली. वेणी घालू लागली, भाजीला फोडणी देताना भाभींशी बोलू लागली, एकदा तर चक्क हसली. रेवा मात्र तशीच! वाढले तेवढे खायची, दुसरी पोळी मागायची नाही, बाहुली दिली तर ती मांडीवर घेऊन नुसती बसायची. आईने प्रेमाने जवळ घेतले तरी अंग आखडून घ्यायची. आईचे दुखणे उतरले म्हणून लेकराच्या अंगात मुरलेले भय लगेच थोडेच उतरते? उशीर झाला की काय, या शंकेने मला घास गोड लागेना. सुनीतालाही तेच वाटत असावे. लेक झोपली की ती तिच्या दंडावरून हात फिरवत बसे, आणि मी तिकडे पाहिले की हात काढून घेई.

चैत्र लागला. परवा आम्ही तिघी भाजीबाजारात गेलो होतो. ऊन मी म्हणत होते. बर्फाच्या गोळ्याची गाडी दिसली आणि रेवाने बोट दाखवले. तिला खोकला होता, म्हणून सुनीता नाही म्हणाली आणि पुढे चालू लागली. एवढेच. एरवी रेवा मुकाट्याने मागोमाग आली असती. ती आली नाही. भर रस्त्यात तिने बसकण मारली, मग लोळण घेतली, आणि असा टाहो फोडला की गोळेवाल्याचा हात थांबला. "मला पायजे! मला आत्ताच पायजे!" हा आवाज तिच्यात होता? इतके दिवस कुठे होता?

माणसे जमली. कुणी हसले, कुणी नाक मुरडले. कोथिंबीर निवडणारी एक बाई तोंड वाकडे करून म्हणाली, "काय हट्टी पोर बाई! वळन लावलंय का न्हाई काही?" सुनीताचा चेहरा लालबुंद झाला. ती गर्रकन वळली. तिचा हात वर गेला, आणि भाजी घ्यायला मागे थांबलेली मी त्या दोघींपासून इतकी दूर होते की पोचणे शक्यच नव्हते. रेवाने तो हात पाहिला. पाहिला आणि ती आणखी जोरात रडू लागली.

सुनीता खाली बसली. भर बाजारात, पायदळी तुडवलेल्या पालापाचोळ्यात, नव्या साडीनिशी. तो वर गेलेला हात तिने लेकीच्या पाठीवर ठेवला, आणि त्या बाईकडे मान वर करून म्हणाली, "रडू द्या तिला, मावशी. माज्यापाशी रडतीया ती."