सतराव्या चित्रामागचा आकडा

१९४७ च्या पावसाळ्यात मी गोंदिया स्टेशनवर पार्सल बाबू होतो. छोट्या लाईनने आलेला माल आम्ही मोठ्या लाईनच्या गाडीत चढवत असू. या अदलाबदलीत काही हरवू नये म्हणून प्रत्येक नगावर आकडा टाकायचा, हा नियम.

बालाघाटकडच्या एका मेमसाहेबांनी देश सोडण्याआधी चित्रांची पेटी पुढे पाठवली. आत एक्केचाळीस सुटे कागद होते, अठराव्या शतकातली फ्रेंच रेखाटने आणि छापचित्रे. काढणाऱ्याचे नाव एकावरही नाही. चिठ्ठीत लिहिले होते, यादी करून ठेवा, आठ दिवसांनी मेल गाडी पकडायला येते. बिननावाच्या चित्रांची यादी करायची कशी? मी कॉपिंग पेन्सिल, ओली केली की जांभळी उमटणारी, जिभेवर ओली केली आणि कागदांच्या पाठीवर एक ते एक्केचाळीस आकडे घातले.

आठव्या दिवशी, त्या यायच्या दीड तास आधी, पेटी उघडली. सर्द हवेने पेन्सिलीचा जांभळा रंग सुटून कागदात झिरपला होता. सतराव्या कागदावर लाल खडूने काढलेली, मान वाकवून शिवणारी मुलगी होती. पाठीवरचा सतरा तिच्या गालावर उलटा उमटला होता. तक्रार गेली की नोकरी गेली, आणि घरी खाणारी सात माणसे.

हमालांचा जमादार वाकून पाहत होता. "हे काढून टाका बाबू. यादी चाळीसची करा."

"त्यांनी मोजले तर?"

"सारा संसार उचलून चालली ते, कागद कायले मोजन? मोजनारे तुमीच एक! पोरीच्या गालावरबी नंबर टाकला!"

मेमसाहेब आल्या तेव्हा तोच कागद मी सर्वांत वर ठेवला होता. "ये गलती मेरी है," मी म्हणालो.

त्यांनी कागद उलटून पाठीवरचा आकडा पाहिला. मग विचारले, "बाकी सूखे हैं?"

आणखी अकरा कागदांची पाठ ओलसर निघाली. मेलला पन्नास मिनिटे होती. जमादाराने सगळ्या रजिस्टरांतले टीपकागद उपसून आणले. मेमसाहेब फरशीवरच बसल्या. टीपकागद कमी पडले. मी वर्तमानपत्र पुढे केले, तर त्याची शाई लागेल म्हणून त्यांनी हात झटकला. मग टीपकागद अर्धे फाडून आकड्यांवर तेवढे ठेवले.

शेवटी त्यांनी यादी माझ्याकडे सरकवली. "लिखो."

सतराव्या ओळीपुढे मी लिहिले : चेहऱ्यावर जांभळा डाग, पार्सल बाबूच्या चुकीने. खाली सही केली. त्यांनी यादी घडी घालून पर्समध्ये ठेवली.

मेल सुटल्यावर जमादार म्हणाला, "आपल्याच हातानं तक्रार लिवून देली ना, बाबू!"

पुढचे तीन महिने ऑफिसच्या डाकेची पिशवी मी कोणाला फोडू दिली नाही. तक्रार आली नाही.