दोन सायकलींची एक सीट

ही गोष्ट मी आजवर कोणालाच सांगितलेली नाही. बायकोला नाही, मुलाला नाही, आणि ज्याला सांगायला हवी होती त्याला तर नाहीच. आता साठी उलटून गेली. लोक मला कमी बोलणारा, समजदार माणूस म्हणतात. समजदारीचा काही संबंध नाही. एका गोष्टीवर तोंड दाबून धरलं की हळूहळू बाकीच्याही बोलायच्या राहून जातात, एवढंच.

ऐंशीच्या दशकात मी भद्रावतीजवळच्या एका कोळसा खाणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होतो. कॉलनीत आमच्या भिंतीला भिंत लागून ज्याचं घर होतं तो खाणीतलं पाणी उपसणाऱ्या पंपावर होता. गडचिरोलीकडचा, वैनगंगेपलीकडच्या गावचा. माझ्यापेक्षा दोन-चार वर्षांनी मोठा, म्हणून मी त्याला भाऊ म्हणायचो. तो मला मिस्त्री म्हणायचा, आणि माझ्या हातावर त्याचा माझ्यापेक्षा जास्त भरवसा होता.

आमची पोरं एकाच शाळेत जायची. माझा मुलगा तिसरीत, त्याची मुलगी पाच वर्षांची, पहिलीत. शाळा चार किलोमीटरवर, आणि त्या रस्त्यावर दिवसभर कोळशाचे ट्रक. आमच्या दोघांच्या पाळ्या दर आठवड्याला बदलायच्या आणि एकमेकांच्या उलट पडायच्या. म्हणून ठरवलं, ज्याची सकाळची पाळी नसेल त्यानं त्या आठवड्यात दोन्ही पोरं शाळेत न्यायची आणि आणायची. मुलगा पुढे दांडीवर टॉवेल गुंडाळून बसायचा. मुलगी मागे कॅरिअरवर, पाय लोंबकळत. पडू नये म्हणून वहिनी तिला ओढणीनं सायकल चालवणाऱ्याच्या कमरेला बांधायच्या.

"बकरी नेऊन राह्यले का बाजारात?" त्याच म्हणायच्या. "लेकराले बसाले काई तरी आना ना."

तर एका सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघं एसटीनं चंद्रपूरला गेलो. बाजारातल्या सायकलवाल्यानं तीन सीटा काढून ठेवल्या. एक वेताची, हँडलला टांगायची. ती फार लहान. दुसरी लोखंडी, कॅरिअरवर नटबोल्टनं कायमची बसवायची, पाय ठेवायला पायदान तिच्याच अंगचं, आणि चाकाला दोन्ही बाजूंनी जाळी.

"हे न्या," दुकानदार म्हणाला. "एकदा बसवली का हालत नाई."

"काढता येते?" मी विचारलं.

"काढाले काऊन पाह्यजे? लेकरू काय दर हप्त्याले बदलते?"

भाऊ हसला. "लेकरू नाई बदलत जी. सायकल बदलते."

आमची अडचण खरी होती. सीट एका आठवड्याला त्याच्या सायकलवर, दुसऱ्या आठवड्याला माझ्या. शिवाय शेगडीसाठी कोळशाचं पोतं याच कॅरिअरवरून घरी यायचं, त्यामुळे कॅरिअर मोकळं करता यायला हवं होतं. तिसरी सीट चापाची होती. दोन चाप आवळले की बसली, ढिले केले की निघाली. पाठीला टेका होता. पायदान मात्र नव्हतं, आणि जाळीही नाही.

"मिस्त्री, तू पाह्य," भाऊ म्हणाला. "मले काय समजते लोखंडातलं."

दुकानदारानं मला बजावलं, "याले पायदान नाई. मंग म्हनान सांगतलं नाई."

"पायदान मी लावतो," मी म्हणालो. "वर्कशॉपचं काम आहे ते, दुकानातला पत्रा नाही."

आमच्या कॉलनीत ही गुर्मी सगळ्यांचीच होती. शेगडी, झोपाळ्याच्या कड्या, पाण्याच्या टाकीचं झाकण, सगळं वर्कशॉपमधून बनून यायचं. दुकानातल्या लोखंडाला आम्ही नावं ठेवायचो. भाऊनं दुकानदाराकडे पाहून मान डोलावली, जणू माझ्या शब्दावर मोहोर उमटवली.

तीच सीट घेऊन आलो. वर्कशॉपमध्ये मी सळीचे दोन तुकडे कापले, पाय टेकायला त्यांची टोकं आडवी वाकवली आणि सीटच्या खाली एक डावीकडे, एक उजवीकडे टाके मारून उभे केले. टाके म्हणजे वेल्डिंगचे नुसते ठिपके. शिंपी आधी कच्चा दोरा घालतो ना, तसं. माप बरोबर आहे का पाहायचं आणि मग सगळीकडून पक्कं वेल्डिंग करायचं. पण त्या दिवशी वेल्डिंगचं मशीन खाली खाणीत गेलं. दुसऱ्या दिवशीही आलं नाही. टाके ओबडधोबड दिसत होते, म्हणून मी त्यांना कानस मारली. वर काळा रंग दिला. रंग वाळल्यावर ती वस्तू इतकी देखणी दिसली की अर्धवट आहे हे मलाच पटेना.

पहिला आठवडा माझा होता. पोरगी मागे बसून पाय पायदानावर टेकवून गाणी म्हणायची. मशीन मधल्या दिवसांत परत आलं होतं. मी रोज म्हणायचो, उद्या करू.

शनिवारी मी सीट काढून भाऊच्या सायकलवर आवळत होतो. डावं पायदान जिथं जोडलं होतं तिथं रंगाला केसाएवढी चीर दिसली. मी अंगठा फिरवून पाहिला. रंग तडकतो कधी कधी, असं मनाशी म्हटलं. पण फिटरच्या अंगठ्याला कळतं. मला कळलं होतं.

वहिनी दारातच उभ्या होत्या. "पक्की हाय ना, भाऊजी?"

"हत्ती बसवा," मी म्हणालो.

मंगळवारी मी सकाळच्या पाळीला होतो. कोणी तरी वर्कशॉपच्या दारातून ओरडलं की शाळेच्या रस्त्यावर पोरीचा पाय चाकात गेला. मी दवाखान्यापर्यंत धावत गेलो. भाऊनं सायकल तिथंच टाकून एका ट्रकला हात दाखवला होता आणि दोन्ही पोरांना घेऊन तो खाणीच्या दवाखान्यात पोचला होता. माझा मुलगा कोपऱ्यात दप्तर धरून उभा. मुलीच्या टाचेचा मागचा भाग चाकाच्या तारांत सापडून पार उघडा पडला होता. डॉक्टरांनी चंद्रपूरला न्यायला सांगितलं. जीपमध्ये भाऊ तिला मांडीवर घेऊन बसला, मी समोरच्या बाकड्यावर. मला काही करता येत नव्हतं. पाण्याचा तांब्या दोन्ही हातांनी धरून बसलो होतो.

"मले गड्डा नाई दिसला, मिस्त्री," तो सारखं म्हणत होता. "ट्रक आला, मी बाजूले घेतली, गड्डा नाई दिसला."

मी म्हणालो, "होतं असं, भाऊ."

दुसऱ्या दिवशी मी एकटाच सायकल आणायला गेलो. रस्त्याकडेच्या चहावाल्यानं ती आपल्या टपरीला टेकवून ठेवली होती. डावं पायदान नव्हतं. ते मला खड्ड्याच्या दोन पावलं अलीकडे गवतात सापडलं. टाके स्वच्छ तुटले होते. त्या रस्त्यावर असले खड्डे पन्नास होते, सगळे त्यातूनच जायचे. पायदान टिकलं असतं तर पोरगी फक्त उसळली असती.

आता जे सांगतो ते सगळ्यात वाईट. मी सायकल घरी नेली नाही, वर्कशॉपला नेली. मशीन मोकळं होतं. ते पायदान जिथलं तिथं लावलं, आणि या वेळी दोन्हीकडून पक्कं वेल्डिंग केलं. उजव्यालाही केलं. रंग मारला, वर धूळ चोळली. जे काम दहा दिवसांत झालं नव्हतं ते पाऊण तासात झालं.

भाऊ चंद्रपूरहून आल्यावर त्यानं सीट हातात धरून गदागदा हलवली. पायदानावर स्वतःचा पाय देऊन पाहिला. ते हललं नाही. तो खाली बसला आणि म्हणाला, "तुह्या कामात खोट नाई. माह्याच हातानं झालं."

मुलगी महिनाभरानं घरी आली. बाजेवर बसून ती सांगायची, "बाबा, आधी ते पाय ठेवाचं पडलं, मंग माहा पाय गेला."

"नाई वं बाई, ते तर जाग्यावर हाय," भाऊ तिला समजवायचा. सायकल आणून दाखवायचा. ती बोट लावून पाहायची आणि माझ्याकडे बघायची. मी तिथंच असायचो, कधी पपई, कधी बिस्किटाचा पुडा घेऊन. काही दिवसांनी तिनं ते सांगणं सोडून दिलं. पाच वर्षांच्या लेकराला आम्ही मोठ्यांनी पटवून दिलं की तिनं पाहिलं ते घडलंच नाही.

टाच भरली, पण पाऊल पूर्ण टेकेना. ती लंगडत चालायला शिकली. भाऊनं पुन्हा कधी लेकरू सायकलवर घेतलं नाही. वहिनी रागाच्या भरात त्याला बोलायच्या, "डोळे कुठी होते तुमचे?" भिंत एकच होती, मला सगळं ऐकू यायचं.

पुढं तो नोकरी सोडून गावी गेला. मुलगी शिकली, अंगणवाडीत लागली. तिला पाहायला पाहुणे येणार होते तेव्हा त्यानं मला मुद्दाम बोलावून घेतलं. घरचा माणूस म्हणून मी सतरंजीवर त्याच्या शेजारी बसलो. पोहे झाले, चहा झाला. नवऱ्या मुलाच्या मामानं विचारलं, "पोरीचं हे पायाचं जल्माचं हाय का?"

भाऊ उभा राहिला. हात जोडले. "जल्माचं नाई जी. मी गड्ड्यात सायकल घातली. पोरीत काई खोट नाई, खोट माह्यात हाय. हे मिस्त्री होते तवा, इचारा यायले."

सगळे माझ्याकडे वळले. मुलगी दाराच्या चौकटीत ट्रे घेऊन उभी होती, तीही.

मी म्हणालो, "हो."

पाहुणे 'कळवतो' म्हणून गेले आणि त्यांनी कळवलं नाही. पुढं तिचं दुसरीकडे लग्न झालं, चांगलं झालं. त्यानं माझं काही हलकं होत नाही. तिचा पाय मला परत देता येणार नाही, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. पण तिच्या बापाची चूक नव्हती, आणि ती लहानपणी सांगायची ते अक्षर न् अक्षर खरं होतं, या दोन गोष्टी त्यांच्या घरी जाऊन, त्यांच्यासमोर बसून, माझ्या तोंडानं सांगणं माझ्याकडे बाकी आहे. ते मी अजून केलेलं नाही.