शकूबाईंची कुलूपबंद कादंबरी

शकूबाई पुस्तक वाचायच्या त्या आंधळगावच्या विणकामाच्या शेडमध्ये, माग चालू असताना, खटखटाटावर आवाज चढवून. शाळेतून निवृत्त झाल्यापासून दुपारचा हा त्यांचा नेम. माग चालवणाऱ्या बाया त्यांच्याच जुन्या विद्यार्थिनी. कुणी मध्येच गप्पा काढल्या की बाई चष्म्यावरून बघत म्हणायच्या, "हात चालू दे, तोंड बंद ठेव."

पुढं डोळ्यांनी दगा दिला. छापील अक्षर दिसेना, तेव्हा मुलानं वाचनयंत्र पाठवलं. त्यावर अक्षर बोराएवढं करता येई. बाईंनी एक जाडजूड कादंबरी त्यावर विकत घेतली आणि वाचन पुन्हा सुरू झालं. शेवटचं प्रकरण तेवढं उरलं होतं, आणि यंत्रानं मान टाकली.

मुलानं दुसरं पाठवलं, दुसऱ्या कंपनीचं. त्यावर कादंबरी उघडेचना. बाई माझ्या संगणकाच्या दुकानात आल्या. मी सांगितलं, "बाई, हे यंत्र ईपब नावाच्या प्रकारच्या फाइली वाचतं. तुमची फाइल वेगळ्या प्रकारची आहे आणि तिला कुलूप आहे. ती फक्त त्या जुन्या यंत्रावर उघडते, आणि त्या कंपनीनं वाचनयंत्रांचा धंदा गुंडाळलाय."

बाईंचा आवाज रस्त्यापर्यंत गेला. "आमी लुगडं इकलं का ते गिऱ्हाइकाचं. कोन्या घरी नेसाचं, हे आमी सांगाले जातो काय? पुस्तक माह्यं हाये, मंग उघडाले त्या कंपनीची परवानगी कायले?"

त्यांनी माझ्याकडून कंपनीला मेलवर मेल लिहवून घेतले. 'गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत' एवढंच उत्तर आलं. असली गुळगुळीत दिलगिरी वाचली की माझं डोकं अजून फिरतं. ईपब प्रत नव्यानं विकत मिळत होती. बाई म्हणाल्या, "एकच पुस्तक दोनदा घ्याले मी मूर्ख नाही."

तोवर त्यांना बोराएवढं अक्षरही दिसेनासं झालं. बायांचा जीव शेवटात अडकला होता, आणि बाईंचा तर सगळ्यांहून जास्त. शेवटी मीच ती प्रत घेतली आणि शेडमध्ये वाचायला बसलो.

"कोनाची हाये हे?" बाईंनी विचारलं.

"माझी."

"मंग तू वाच." त्या काठी टेकत बाहेर गेल्या आणि कडुनिंबाखाली बसल्या.

मला त्यांचा भयंकर राग आला. एवढा कसला हट्ट! बायांनी एकमेकींकडं पाहिलं आणि एकेक करून सगळे माग थांबवले. शेड चिडीचूप झाली. आता माझा शब्द न् शब्द झाडाखाली पोचणार होता. मी पहिलं वाक्य वाचलं.

बाहेरून बाई कडाडल्या, "माग काहून थांबवले? चालवा म्हनते ना!"

बायांनी माग चालवले. आख्खं प्रकरण मी त्या खटखटाटात वाचलं.

त्याच उन्हाळ्यात बाई गेल्या. त्या कादंबरीचा शेवट त्यांना कुणीच सांगितला नव्हता. आमची कुणाची हिंमतच झाली नाही.