खिळ्यावरचा पाइप

वसंता गेल्याचं मला जाम गावच्या चौकातल्या बॅनरवरून कळलं. वर हात जोडलेले बारा जण, मधोमध एक लाल गाडी, आणि खाली कोपऱ्यात वसंताचा बोटभर फोटो. त्याला महिना झाला, पण खरं सांगतो, दुःखाच्या आधी किळस आली. त्या बारा जणांतल्या निम्म्यांनी वसंताने सायलेन्सरच्या पाइपला बसवलेला जोड कापून फेकला होता, गाडी गरजावी म्हणून.

वसंता माझा शाळासोबती. मी आंजीला मास्तर झालो, तो जामला हायवेच्या कडेला सायलेन्सर बनवायला बसला. इंजिन बदललेल्या, उंची वाढवलेल्या गाडीला तयार पाइप बसत नाही, तो मापाने वाकवून करावा लागतो. वसंता तो करायचा, पण इंजिन आणि पाइप यांच्यामध्ये लवचिक जोड टाकल्याशिवाय गाडी सोडायचा नाही. वीतभर लांबीचा, आत घड्यांची नळी, वरून तारेची विणलेली जाळी. आधी पाइपची दोन्ही तोंडं नीट समोरासमोर आणायची, जोडाला ताण नको, पीळ नको, यातच त्याची अर्धी दुपार जायची. मग गार इंजिन सुरू करून गिऱ्हाइकालाच गाडीखाली बोलवायचा आणि जोडाच्या दोन्ही बाजूंना हात लावायला सांगायचा. अलीकडे थरथर, पलीकडे जवळजवळ शांत. पांढऱ्या कपड्यांतले पुढारीही त्याने असे मातीत लोळवले. घाई करणाऱ्याला त्याचं एकच उत्तर असे, "इंजिन हालतेच. त्याले हालू द्या लागते. कडक बांधशीन त कुठंतरी फुटनच."

आणि एक खोड होती त्याची... दुसरीकडून सरळ पाइप ठोकून घेतलेला माणूस तोंड पाडून परत आला की वसंता आधी गाडीखाली शिरायचा. फुटका तुकडा कापायचा, त्यावर पांढऱ्या ऑइलपेंटने मालकाचं नाव लिहायचा आणि दुकानाच्या भिंतीवर खिळ्याला टांगायचा. लोक चिडायचे. मी ती नावं वाचून पोट धरून हसायचो.

मग माझीही पाळी आली. माझ्या जीपला नवा पाइप करायचा होता, त्याचा जोड नागपूरहून यायला चार दिवस लागणार होते आणि मला पुतणीच्या लग्नाला आष्टीला जायचं होतं. वसंताला न सांगता दुसऱ्याकडून तासाभरात सरळ पाइप वेल्ड करून घेतला. महिनाभरात त्याला चीर पडली, धूर आत यायला लागला आणि एका दुपारी शेजारी बसलेल्या बायकोला भोवळ आली. खिडक्या उघड्या टाकून कसाबसा जाम गाठला. वसंताने तिला सावलीत बसवून पाणी दिलं, माझ्याकडे बघितलंही नाही. संध्याकाळी फुटका तुकडा कापून काम उरकल्यावर एवढंच म्हणाला, "तुले समजते मास्तर, म्हणून जास्त राग आला." त्या दिवसापासून मी त्या भिंतीकडे बघणं सोडलं.

शोकसभा त्याच दुकानात झाली. बॅनरवाल्यांनी श्रद्धांजली म्हणून बाहेर दोन मिनिटं गाड्या रेस केल्या. ज्या आवाजाचा वसंताला जन्मभर तिटकारा, तोच आवाज त्याच्या फोटोसमोर! शालूवहिनी, त्याची बायको, पदराने कान दाबून बसल्या होत्या. माझं डोकं फिरलं. मी उठलो, सगळ्यांना झोडपून काढलं आणि त्या भरात बोलून गेलो, "मी मात्र वसंताचा शब्द कधी मोडला नाही."

वहिनींनी फक्त मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

लोक गेल्यावर त्यांनी भिंतीवरचा एक पाइप काढला. बाकी सगळ्यांवर नावं दिसत होती, हा तेवढा कोरा वाटत होता. त्यांनी तो उलटा केला. मागे वसंताच्या अक्षरात लिहिलं होतं, 'मास्तर'.

"घेऊन जा भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "दोस्ताचं नाव लोकाइले काऊन दाखवू, म्हनत. म्हनून नाव भिंतीकडे करून टांगला होता त्यायनं."

त्या बारा जणांची किळस मला अजून येते. पण बॅनरवर तेरावा फोटो माझा हवा होता, हे आता कळतं. पाइप आमच्या ओसरीत खिळ्याला टांगलाय, नाव बाहेरच्या बाजूला. येणारा जाणारा विचारतो, हे काय हो मास्तर... मी सांगतो.